फॅकल्टीच्या पानावरचे 'सध्याचे संशोधन विषय' कितपत खरे धरायचे? (समाजशास्त्र, पीएचडी)

अर्धवटवही:

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए झालंय, आता पीएचडीला अप्लाय करायचंय आणि गेले चार दिवस एकाच डिपार्टमेंटच्या फॅकल्टीची पानं उघडून बसलेय, डोकं पार भंजाळलंय. प्रत्येकाच्या फोटोखाली 'सध्याचे संशोधन विषय' म्हणून चार-पाच शब्द असतात ना, ते सगळे वाचले, वहीत उतरवून काढले, आणि आधी होतं तेवढंही आता कळेनासं झालंय. १४ जणांपैकी ११ जणांनी 'असमानता' लिहिलंय. ९ जणांनी 'लिंगभाव'. पाच जणांनी 'डिजिटल' काहीतरी. मग ह्यांच्यात फरक तो काय? आणि ११ जण असमानतेवरच काम करत असतील तर मी नेमकं कुणाचं दार वाजवायचं?

माझा विषय सांगते. ॲपवरून काम मिळणारे लोक, म्हणजे गाडी चालवणारे, सामान पोचवणारे वगैरे, आणि गिऱ्हाईक त्यांना जे स्टार देतं त्याने त्यांचं वागणं कसं बदलतं. एमएच्या डिझर्टेशनला सहा जणांशी बोलले होते. त्यातला एक जण प्रत्येक फेरी झाली की फोन खिशात टाकायच्या आधी आकडा बघायचा आणि ४.७ चा ४.६ झाला की पुढचा अर्धा तास गप्प. ते काही डोक्यातून जात नाहीये, त्याच्यावरच काम करायचंय.

तीन नावं काढून ठेवलीत. क मॅडम, पानावर 'श्रम, वर्ग, लिंगभाव'. ख सर, 'विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज, ज्ञानाचं समाजशास्त्र'. ग मॅडम, 'आरोग्य, वार्धक्य, कुटुंब', ह्यांना बहुतेक खोडणार आहे कारण माझ्याशी काही संबंध दिसत नाही. क मॅडमच बरोबर ना? की हे असं शब्दावरून ठरवणंच चूक आहे? आणि मेलमध्ये लिहायचं काय, तेही सांगा कोणीतरी.


मागचाबाक:

'सध्याचे' म्हणजे ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवशीचे. फोटोत केस किती आहेत ते बघ, प्रत्यक्षात किती आहेत ते बघ, मधल्या फरकावरून अंदाज येतो 😄


निळीशाई:

मागचाबाकने चेष्टेत लिहिलंय पण खरं आहे ते. माणूस जॉईन झाला की ऑफिस एक फॉर्म देतं, 'विषय लिहा, पाच शब्दांत', तो घाईत भरला जातो आणि मग दहा-बारा वर्षं तसाच राहतो कारण पान बदलायचं तर पुन्हा ऑफिसकडे अर्ज करा आणि तेवढा वेळ कुणाला आहे. मी पीएचडीच्या शेवटच्या वर्षात आहे, ह्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अप्लाय करताना मी एका प्राध्यापकांना मोठ्या उत्साहात मेल केला होता, तुमचा अमुक पेपर वाचला, मला त्याच विषयावर काम करायचंय, तीन पॅरेग्राफ. उत्तर एका ओळीचं आलं. 'तो विषय मी सोडला त्याला बरीच वर्षं झाली, शुभेच्छा.' पेपर त्यांचा सगळ्यात जास्त सायटेशनवाला (म्हणजे इतर संशोधकांनी सगळ्यात जास्त वेळा संदर्भ दिलेला) होता म्हणून मी तो उचलला होता, आणि तीच माझी चूक. गूगल स्कॉलरवर (संशोधनाचे पेपर शोधायची गूगलची साइट) माणसाचं प्रोफाइल उघडलं की आधी सायटेशनच्या क्रमाने यादी दिसते, म्हणजे जुनं गाजलेलं वर आणि नवं तळाला. वर 'वर्ष' असं लिहिलेलं असतं त्याच्यावर क्लिक कर, यादी उलटीपालटी होते आणि एकदम वेगळाच माणूस समोर येतो. हे एवढं एक क्लिक तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे तीन पॅरेग्राफ लिहायचे कष्ट वाचले असते.

दुसरं म्हणजे नवा पेपर सुद्धा नवा नसतो. आपल्याकडे फील्डवर्कलाच वर्ष-दीड वर्ष, मग लिहिणं, मग जर्नलकडे पाठवणं, मग रिव्ह्यूवरचे दोन लोक दोन विरुद्ध गोष्टी सांगणार, मग सुधारून परत, असं करत यावर्षी जे छापून आलंय ते चार-पाच वर्षांपूर्वीचं डोकं असतं. पुस्तक असेल तर आणखी जुनं. आज काय चाललंय ते बघायचं तर इतक्या ठिकाणी बघ: गेल्या दोन वर्षांत कुठल्या कॉन्फरन्सला काय वाचलं, प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा पेपर, कुठे टाकलीय का (समाजशास्त्रवाल्यांचं सोशआर्काइव्ह म्हणून २०१६ पासून आहे, फुकट आहे), यावर्षी एमएला कुठलं इलेक्टिव्ह शिकवतायत आणि त्याच्या सिलॅबसमध्ये वाचायला काय दिलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या हाताखालच्या स्कॉलर लोकांच्या थिसिसची नावं काय आहेत. प्राध्यापक पानावर काहीही लिहो, पाच वर्षं ज्या पोरांचे ड्राफ्ट तो वाचणार आहे ते त्याने स्वतः निवडलेले असतात.

आता ११ जण असमानता. अगं शब्द एक आहे, घरं वेगळी आहेत. एक जण असमानता म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बापाचा धंदा आणि मुलाचा धंदा ह्यांचं मोठं टेबल असतं, सर्व्हेचे हजारो लोक, कोण वरच्या वर्गात गेला कोण खाली आला. दुसरी बाई असमानता म्हणते तेव्हा ती बोर्द्यू ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या वाटेने चाललेली असते, घरातल्या भिंतीवर कुठलं चित्र आहे आणि माणूस कुठल्या गाण्याला 'बाजारू' म्हणतो ह्यावरून वर्ग कसा कळतो ते शोधत. हे दोघं एकमेकांच्या सेमिनारला गेले तर अर्ध्या तासात चहाची वाट बघायला लागतात. लिंगभावाचंही तेच. कुणी पगारातली तफावत मोजतं, कुणी घरकामाचे तास मोजतं, कुणी इंटरसेक्शनॅलिटीवर आहे, म्हणजे वंश, लिंग, वर्ग एकाच माणसावर एकत्र येतात तेव्हा काय होतं त्यावर (तो शब्द १९८९ मध्ये किंबर्ली क्रेनशॉने दिला, ती कायद्याची प्राध्यापक, समाजशास्त्राची नव्हे, आपण तो उचलला आणि आता आपलाच असल्यासारखा वागवतो).

एक युक्ती सांगतो. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटनेच्या विषयवार संशोधन समित्या आहेत, प्रत्येकीला नंबर आहे. २८ म्हणजे स्तरीकरण आणि सामाजिक गतिशीलता (कोण वरच्या वर्गात, कोण खालच्या, आणि कोण कुठून कुठे गेलं), ३० म्हणजे काम, २३ म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान, १५ म्हणजे आरोग्य. माणूस कुठल्या समितीच्या सत्रात पेपर वाचतो ते सीव्हीत असतं. पानावर काहीही लिहिलेलं असो, जो दर वेळी २८ मध्ये वाचतो तो टेबलवाला आहे असं बिनधास्त समज.


अर्धवटवही:

बापरे, धन्यवाद. ते 'वर्ष'वालं क्लिक आत्ता केलं. क मॅडमच्या वरच्या सगळ्या गाजलेल्या पेपरात कारखाने आणि युनियन आहेत, पण नवीन क्रमाने लावलं तर गेल्या तीन वर्षांतलं सगळं घरकाम करणाऱ्या बायकांवर आहे. आणि ख सरांचं तर अजूनच विचित्र, पानावर विज्ञान-तंत्रज्ञान, पण शेवटचे दोन पेपर सरकारी मदतीसाठी अर्जदारांना गुण देणारी सिस्टीम आहे त्याच्यावर, कुणाला किती गुण, आणि लोक गुण मिळवायला अर्जात काय काय लिहायला लागतात. स्कॉलर्सचे विषय बघितले, एक क्रेडिट स्कोअरवर, एक शाळेतल्या ग्रेडवर. हे माझ्या जवळचं आहे का? मला तर वाटत होतं विज्ञान-तंत्रज्ञानवाले लॅबमध्ये जाऊन बसतात.


जुनाखडू:

बसतात ना, लॅबमध्येही बसतात. ब्रुनो लातुर आणि स्टीव्ह वुलगर ह्या दोन अभ्यासकांनी तेच केलं, लातुर कॅलिफोर्नियातल्या एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं बसला आणि तिथले लोक 'सत्य' म्हणजे नेमकं हाताने काय काय करतात ते लिहून काढलं, ते पुस्तक १९७९ चं. पण तिथून ती मंडळी बाहेर पडून आता चाळीसेक वर्षं झाली. एखादा आकडा तयार कसा होतो, तो कोण तयार करतं, आणि एकदा तयार झाला की माणसं त्याच्याभोवती कशी फिरायला लागतात, हा त्यांचा आजचा धंदा आहे. तुमचा ४.६ हा त्यांच्या अंगणातलाच आहे.

जाता जाता, १९७९ हे साल फार गमतीचं आहे आमच्या विषयात. बोर्द्यूचं अभिरुचीवरचं पुस्तक फ्रेंचमध्ये त्याच वर्षी आलं, एरिक्सन-गोल्डथॉर्प-पोर्टोकारेरो ह्यांची धंद्यावरून वर्ग ठरवायची मांडणी (टेबलवाल्यांची) त्याच वर्षीची, लातुर-वुलगर त्याच वर्षीचे, आणि बुरावॉयचं कारखान्यावरचं पुस्तकही. वर निळीशाई म्हणतात ती 'वेगळी घरं' आहेत त्यातली चारेक घरं एकाच वर्षी बांधली गेली आणि आम्ही अजून त्यांचंच भाडं भरतोय.

मी एका डिपार्टमेंटमध्ये शिकवतो, त्यामुळे आमच्या बाजूने कबुली देतो. माझ्या पानावर 'धर्म आणि आधुनिकता' लिहिलंय. गेली सहा वर्षं मी धर्मावर एक ओळ लिहिलेली नाही. घरात दीर्घ आजारपण आलं, सेवेसाठी बाई ठेवली, ती बाई रात्री दोन वाजता उठून माझ्या आईची कूस बदलायची आणि स्वतःच्या आईला फोनवर विचारायची की तुझी कूस कोण बदलतंय. तिथून माझा विषय बदलला. आता मी पगारी सेवेवर काम करतो, पानावर मात्र धर्मच आहे, आणि दर वर्षी तीन-चार मुलं धर्मावरचं प्रपोजल घेऊन येतात आणि मला त्यांना परत पाठवताना लाज वाटते. पान बदलायला हवं. बदलीन.

विषय असे बदलतात. कधी घरातून, कधी एखाद्या हुशार विद्यार्थ्यामुळे (त्याचा थिसिस तपासता तपासता आपणच त्यात अडकतो), आणि बऱ्याचदा, स्पष्ट बोलायचं तर, पैसा कुठल्या विषयाला मिळतोय त्यामुळे. २०२० नंतर आमच्याकडे एकाएकी सगळ्यांना 'आरोग्य' सुचलं. आता 'एआय' सुचतंय. ज्यांच्या पानावर दर तीन वर्षांनी नवा शब्द येतो आणि जुना तसाच राहतो त्यांच्यापासून जरा सांभाळून. ज्यांच्याकडे शब्द बदलतो पण प्रश्न तोच राहतो ते धरावेत. कारखान्यातून घरकामाकडे गेलेल्या क मॅडम मला तशाच वाटतात, प्रश्न तोच, काम म्हणजे काय आणि ते करून कोण घेतं.

आणि बाई, ग मॅडमना खोडू नका. 'आरोग्य' ह्या शब्दाखाली काय काय असतं ह्याचा एक दाखला देतो. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, ७०० च्या वर माणसं गेली. डॉक्टरांना विचारलं असतं तर उत्तर आलं असतं वय, आजार, पंखा नव्हता. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, पण एकीत माणसं पुष्कळ गेली आणि दुसरीत फार कमी. फरक रस्त्यात होता. जिथे कमी गेली तिथे दुकानं उघडी, रस्त्यावर वर्दळ, म्हातारं माणूस घराबाहेर पडून गारव्याला जाऊन बसू शकत होतं. जिथे पुष्कळ गेली तिथे दुकानं कधीच बंद पडलेली, रस्ते ओस, लोक भीतीने दार लावून आत बसलेले. हे आरोग्य म्हणायचं की शहर म्हणायचं की असमानता? म्हणून म्हणतो खोडू नका. वार्धक्यावर काम करणाऱ्या बाईंना हल्ली सेवा करायला येणारी माणसं भेटत असणार, आणि ती माणसंही आता ॲपवरून येतात, त्यांनाही स्टार मिळतात.


आकडेमोड:

सगळे विषयावर बोलतायत, मेथडवर कोणीच नाही, म्हणून मध्ये पडते. विषय जुळून मेथड जुळली नाही तर पाच वर्षं रडशील. उलटं चालतं, विषय थोडा लांबचा असला तरी गाईड तुझ्या पद्धतीचं काम करणारा असेल तर निभावतं.

तू सहा लोकांशी बोललीस, छान, पण 'स्टारमुळे वागणं बदलतं' हे तुला सिद्ध करायचंय की समजून घ्यायचंय? दोन्ही वेगळं आहे. सिद्ध करायचं तर कसं करतात त्याची दोन उदाहरणं देते. अमेरिकेत डेव्हा पेजरने तरुण मुलांच्या जोड्या तयार केल्या, सारखं शिक्षण सारखा अनुभव कागदावर लिहिला, फरक एवढाच की कधी एकाच्या कागदावर तुरुंगवास दाखवलेला कधी दुसऱ्याच्या, आणि खऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवलं. २००३ चा पेपर. गोऱ्या मुलांत रेकॉर्ड नसलेल्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, रेकॉर्ड असलेल्याला १७. काळ्या मुलांत रेकॉर्ड नसलेल्याला १४ आणि असलेल्याला ५. परत वाच, रेकॉर्ड नसलेल्या काळ्या मुलाला तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्यापेक्षा कमी. शंभर मालकांच्या मुलाखती घेतल्या असत्या तरी एकानेही हे कबूल केलं नसतं.

दुसरं तर तुझ्याच विषयाचं. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स, २००६. १४,००० च्या वर लोक एका वेबसाइटवर आणले, ४८ अनोळखी गाणी ठेवली. काहींना नुसती गाणी दिसली, बाकीच्यांना आधीच्या लोकांनी किती डाउनलोड केली तो आकडाही दिसला. आणि आकडा दिसणाऱ्यांचीही आठ वेगवेगळी 'जगं' केली, एका जगाचा आकडा दुसऱ्याला दिसत नाही. आकडा दिसला की गाजलेलं अजून गाजलं, आणि कुठलं गाजणार ते प्रत्येक जगात वेगळं निघालं. फार चांगलं गाणं अगदी तळाला जात नाही, फार वाईट अगदी वर येत नाही, पण मधल्यांचं काही सांगता येत नाही. म्हणजे तुझा तो ४.६ वाला कदाचित ४.९ वाल्याइतकाच चांगला चालवत असेल, सुरुवातीला दोन खडूस गिऱ्हाइकं भेटली एवढंच.

म्हणून तिघांचे पेपर उघडून थेट मेथडच्या भागावर जा. किती लोक, कसे निवडले, किती महिने, आकडे की मुलाखती की बसून बघणं.


निळीशाई:

आकडेमोड, पटतंय पण अर्धंच. गाणी डाउनलोड करणाऱ्याचं पोट त्या डाउनलोडवर नाहीये. हिच्या माणसाचं आहे. प्रयोगाने आकडा गिऱ्हाइकाला कसा फिरवतो ते कळेल, ज्याच्यावर आकडा बसलाय तो काय करतो ते नाही कळणार. त्यासाठी एस्पेलँड आणि सॉडर ह्यांचा २००७ चा पेपर बघ, लॉ कॉलेजांच्या रँकिंगवरचा. एक नियतकालिक कॉलेजांचं रँकिंग छापतं, आणि कॉलेजं रँकिंगमध्ये जे मोजलं जातं तेच करायला लागतात, पैसे तिकडे वळवतात, प्रवेश तसे देतात, आणि शेवटी कॉलेज खरंच रँकिंगसारखं होऊन बसतं. तिथल्या लोकांशी बोलूनच काढलंय त्यांनी हे.


आकडेमोड:

बोलूनच नाही, आकडेही होते त्यांच्याकडे. पण ठीक आहे, मुद्दा मान्य. तिला काय हवंय ते तिने ठरवावं.


जुनाखडू:

भांडू नका, दोघांचं घेऊन तिसरं सांगतो. मी वर बुरावॉयचं नाव घेतलं. तो १९७४ मध्ये एका इंजिनच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर म्हणून लागला, दहा महिने खरंच काम केलं. प्रश्न त्याने उलटा केला. सगळे विचारत होते की कामगार अंगचोरी का करतात, ह्याने विचारलं की एवढं मर मर काम का करतात. आणि त्याला दिसला खेळ. कोट्याच्या वर किती तुकडे काढले ह्याचा खेळ, त्यात पैशापेक्षा जिंकण्याची मजा, वेळ जातो, बाजूच्या मशीनवाल्याला दाखवता येतं, आणि त्या नादात नियम कोणी केले हा प्रश्नच बाजूला पडतो. काम करता करता त्याला कळलं की ह्याच कारखान्यात तीस वर्षांपूर्वी डोनाल्ड रॉय नावाच्या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञानेही मशीन चालवलं होतं आणि त्याच्यावर थिसिस लिहिला होता. ठरवून नव्हे, योगायोगाने. असं नशीब एखाद्यालाच.

सांगायचं काय, तुमचे स्टार हा खेळ आहे का? खेळ असेल तर तुमचा गाडीवाला तो कुणाबरोबर खेळतो, बाजूला मशीनवाला तर नाही. हे तुम्ही क मॅडमना विचारलंत तर त्या एक उत्तर देतील, ख सर वेगळं देतील. कुणाचं उत्तर ऐकून तुम्हाला रात्री झोप येत नाही त्यांच्याकडे जा.

आणि ख सरांचा पेपर उघडलात तर शेवटी संदर्भांची यादी असते ती बघा. त्यात ते कुणाशी भांडतायत ते दिसेल. माणसाचा सध्याचा विषय शेवटी तोच, ज्यांच्याशी त्याचं भांडण चालू आहे.


मागचाबाक:

सर मग तुमचं पान कधी बदलताय


जुनाखडू:

सोमवारी. ऑफिस उघडल्यावर.


अर्धवटवही:

दोन दिवस वाचतेय नुसती. ख सरांना मेल लिहिलाय, पाठवायच्या आधी टाकते इथे.

'आदरणीय सर, मी समाजशास्त्रात एमए केलं असून आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि समाज ह्या क्षेत्रातील मौलिक कार्याने अत्यंत प्रभावित झाले आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन. माझा विषय डिजिटल श्रम, असमानता आणि लिंगभाव असा आहे.'

कसा वाटतोय?


मागचाबाक:

सत्काराचं भाषण वाटतंय. शाल कुठाय?


निळीशाई:

'मौलिक कार्य' काढ, 'भाग्यवान' काढ. आणि शेवटच्या ओळीत तूच त्या पानावरच्या ११ जणांसारखी झालीस बघ, डिजिटल, असमानता, लिंगभाव. त्यांना रोज असे चार मेल येतात. तुझ्याकडे जे आहे ते लिही ना, तो आकडा बघून गप्प होणारा माणूस. असं काहीतरी:

'सर, मदतीसाठी गुण देण्याच्या सिस्टीमवरचा तुमचा पेपर वाचला. त्यात अर्जदार गुण कसे मिळतात ते एकमेकांकडून शिकतात असं तुम्ही दाखवलंय. मी ॲपवर गाडी चालवणाऱ्या सहा जणांशी बोलले, त्यांना गुण कसे पडतात हे माहीतच नाही आणि विचारायला कोणी सहकारीही नाही. एकाचा आकडा ४.७ वरून ४.६ झाला की तो अर्धा तास बोलत नाही. शिकायला कोणी नसेल तर माणूस आकड्याशी कसा वागतो, ह्याच्यावर मला काम करायचंय. तुम्ही यावर्षी विद्यार्थी घेणार आहात का?'

सहाच वाक्यं. सोबत दोन पानी प्रपोजल. शेवटचा प्रश्न विसरू नकोस, घेणारच नसतील तर बाकीचं सगळं पाण्यात, आणि ते पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.


आकडेमोड:

'सहा जण' लिहितेस तर ते कसे निवडलेस तेही अर्ध्या ओळीत लिही. विचारतीलच.


अर्धवटवही:

अपडेट द्यायला आले, कारण असे धागे शोधत मी स्वतः किती ठिकाणी फिरले आणि पुढे काय झालं ते कुणीच लिहीत नाही.

तिघांनाही मेल केला. क मॅडमनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, यावर्षी जागा नाही पण प्रपोजल वाचलं, दोन ठिकाणी खुणा करून पाठवलंय, 'लिंगभाव' शब्दाला गोल करून बाजूला 'कुठे आहे?' एवढंच. खरंच कुठेच नव्हता, सहाही पुरुष होते, मी सवयीने लिहिला होता. ग मॅडमचं अजून काही नाही.

ख सरांचं आठ दिवसांनी आलं. पान जुनं आहे, दुरुस्त करायचं राहिलंय, जागा एक आहे पण त्याआधी आमच्या वाचनगटात येऊन बसा, दर पंधरवड्याला असतो, ऑनलाइन चालेल. काल गेले. सात-आठ जण होते, मी शेवटी पाच मिनिटं माझं सांगितलं, स्टार वगैरे, आणि तो ४.६ वालाही सांगितला, मला वाटलं ह्याच्यावर सगळे खूश होणार. सरांनी एकच विचारलं. तो अर्धा तास गप्प बसला हे तुम्ही गाडीत बसून बघितलं, की त्याने नंतर तुम्हाला सांगितलं?

घरी येऊन वही उघडली. तारीख आहे, ४.७ आणि ४.६ आहे, पुढे 'मग गप्प' एवढंच लिहिलंय. कोणी बघितलं ते लिहिलेलंच नाही आणि मला आता आठवत नाहीये.


आकडेमोड:

त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?


अर्धवटवही:

आहे. उद्या त्याच्याबरोबर दिवसभर गाडीत बसणार आहे, विचारलं त्याला, हो म्हणाला. मागे बसू की पुढे ते कळत नाहीये, मागे बसले तर गिऱ्हाईक कुठे बसणार.